आट्यांचा हिशेब

पालघरच्या आमच्या घराला मागे एक पडवी आहे. दहा फूट रुंद, चौदा फूट लांब. पूर्वी तिथे सरपण, नारळाच्या झावळ्या आणि वाडीतली अवजारं असत. १९८० नंतर ती बाबांची झाली. शेजारची मुलं तिला ‘काकांचं गॅरेज’ म्हणत, पण गाडी तिथे कधीच नव्हती. बाबा बोईसरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. सेकंड शिफ्ट असली की सकाळी आणि फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी ते पडवीत असत. गल्लीतल्या सायकली, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, वाडीतले पंप सगळं तिथे बरं होऊन जाई.

२०२१ च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं एकेका शब्दावर आलं. त्या दिवाळीत त्यांना बरं वाटावं म्हणून मी पडवी आवरायला घेतली. मी शाळेत ग्रंथपाल आहे. वस्तू लावून ठेवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. पडवीत तीन फळ्यांवर मिळून चाळीसेक डबे होते. डालडाचे, बिस्किटांचे, बेबी फूडचे. त्यांत नट, बोल्ट आणि आटे पाडायचे टॅप. एकाच जाडीचा बोल्ट तीन फळ्यांवर तीन वेगळ्या डब्यांत होता. मला वाटलं, जागा नसल्यामुळे असं झालं असेल. मी पारदर्शक झाकणांचे नवे डबे आणले, जाडीप्रमाणे सगळं एकत्र केलं, वर चिठ्ठ्या लावल्या: पाव इंच, तीन सूत, अर्धा इंच. सहा दिवस लागले. जुने डबे भंगारात दिले.

सातव्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून पडवीत आणलं. त्यांनी बराच वेळ फळ्यांकडे पाहिलं. मग डाव्या हाताने ‘अर्धा इंच’ लिहिलेल्या डब्यातून एक बोल्ट काढून माझ्या हातात दिला आणि एक नट. मी नट चढवला. दीड-दोन फेरे फिरला आणि अडकला. बाबांनी बोल्टाकडे बोट दाखवून म्हटलं, “बारा.” मग नटाकडे. “तेरा.” मला वाटलं, त्यांचं भान सुटतंय. मी आईला हाक मारली.

त्यांचं भान शाबूत होतं. मीच काय मोडून ठेवलं होतं ते समजायला मला पुढचे तीन महिने लागले.

पहिली फळी: पंचावन्न अंश

कोडं सोडवलं मामाने. मामा चिंचणीला असतो. तो आला, बोल्ट पाहिला, खिशातून चष्मा काढला आणि बाबांच्या खणातून एक पोलादी वस्तू शोधून काढली. चाकूच्या पात्यांसारखी बरीच पाती, प्रत्येकाला फणीसारखे दाते. त्याला पिच गेज म्हणतात. बोल्टाच्या आट्यांवर एकेक पातं लावून पाहायचं; जे उजेड न सोडता बसेल, ते त्याचं माप. बोल्टावर बसलं त्यावर १२ लिहिलेलं होतं, म्हणजे एका इंचात बारा आटे. नटाच्या जोडीच्या बोल्टावर १३ चं बसलं. दोन्ही अर्धा इंची. एक ब्रिटिश, एक अमेरिकन.

यामागे मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधला प्रत्येक कारखाना आपले आटे आपल्या मर्जीने पाडत असे. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या यंत्रकाराने निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांचा मध्य काढला आणि १८४१ मध्ये एक प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला ठरावीक आटे. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं. रेल्वे जिथे गेली, तिथे ते गेलं.

आमच्याकडे ती पालघरमार्गेच गेली. १८६४ च्या अखेरीस मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग सलग झाला, तो बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा. माझे आजोबा त्याच कंपनीच्या परळच्या वर्कशॉपात फिटर होते. चाळीत राहायचे, सुट्टीला गावी यायचे. पडवीतली सगळ्यात वरची फळी त्यांची होती. पाने, टॅप, बोल्ट, सगळं व्हिटवर्थ. त्या पान्यांची एक गंमत आहे. ब्रिटिश पान्यावर कोरलेलं माप पान्याच्या जबड्याचं नसतं, ज्या बोल्टाचा नट त्याने फिरवायचा त्या बोल्टाचं असतं. म्हणून ‘अर्धा’ लिहिलेल्या पान्याचा जबडा जवळजवळ एक इंच उघडा असतो. हे पाने मी ‘चुकीचे मार्किंग’ म्हणून बाजूला काढले होते.

आजोबांच्या पिढीची भाषाही त्या फळीवर होती. इंचाचे आठ भाग, प्रत्येक भाग एक सूत. आजही बांधकामावर बारा मिलिमीटरच्या सळईला ‘चार सुती’ म्हणतात. खरं तर चार सूत म्हणजे साडेबारापेक्षाही थोडं जास्त. बोली मापापेक्षा जास्त टिकते.

दुसरी फळी: अमेरिकन पेटी

मधली फळी आली तारापूरहून.

१९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात अणुसहकार्याचा करार झाला, १९६४ मध्ये तारापूरच्या किनाऱ्यावर देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. बांधकामाची आखणी बेक्टेलची. ऑक्टोबर १९६९ मध्ये दोन्ही संचांची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत भारत मेट्रिक होत होता. १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले. शाळेत मुलं सेंटिमीटर शिकत होती. आणि घिवली–अक्करपट्टीच्या किनाऱ्यावर अमेरिकन नकाशांप्रमाणे इंचात काम चाललं होतं. हा इंच आजोबांच्या इंचाएवढाच, पण आटे वेगळे.

अमेरिकेने व्हिटवर्थचं प्रमाण घेतलं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला, कारण तो साध्या कारागिराला पाडायला आणि तपासायला सोपा होता. त्याचा परिणाम दुसऱ्या महायुद्धात भोवला. दोस्त राष्ट्रांची यंत्रं एकाच आघाडीवर, पण एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसेना. म्हणून नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच आटा मान्य केला, ६० अंशांचा. तोच तारापूरला आला.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे अण्णा, त्या बांधकामावर एका कंत्राटदाराकडे होते. काम संपत आलं तेव्हा कंत्राटदाराने दोन महिन्यांच्या थकलेल्या मजुरीऐवजी त्यांना एक लाकडी पेटी दिली. आत टॅप, डाय, त्यांचे हँडल आणि पान्यांचा एक संच. अण्णा चिडून घरी आले होते म्हणे. पेटी विकून किती येणार? पण नंतर त्या पेटीनेच आमचं घर चाललं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरला इंधन आणि सुटे भाग देण्यात हात आखडता घेतला, हे देशाच्या इतिहासात आहे. घरच्या इतिहासात एवढंच आहे, की परिसरात जी काही जुनी अमेरिकन यंत्रं, पंप, कॉम्प्रेसर होते, त्यांचा मोडलेला बोल्ट काढून नवीन आटे पाडायचे तर तेराचा टॅप लागे. तो मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर शोधावा लागे, किंवा आमच्या पडवीत मिळे.

तिसरी फळी: बाबांची

खालची, हाताशी असलेली फळी मेट्रिकची. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने बोईसरला वसाहत उभारली. नाव तारापूरचं, जमीन बोईसर, सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली, सरावलीची. औषधं, कापड, पोलाद आणि रंगांचे कारखाने आले. बाबा आयटीआय करून तिथे लागले. तिथली यंत्रं जर्मन, जपानी, देशी, सगळी मिलिमीटरची.

इथे आणखी एक चकवा आहे. मेट्रिक बारा मिलिमीटरच्या बोल्टाला पारंपरिक १९ चा पाना लागतो. अमेरिकन अर्धा इंची बोल्टाला पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचा. एकच पाना दोघांना बसतो. म्हणजे बाहेरून सगळं जुळतं, आत आटे जुळत नाहीत. बळ लावून फिरवलं की नट बसल्यासारखा वाटतो, पण आटे कापले जातात. आणि असा पंप किंवा शिडी नेमकी भर पडल्यावर सुटते. बाबांनी एकाच जाडीचा माल तीन ठिकाणी ठेवला होता तो यासाठी. ती सुरक्षिततेची व्यवस्था होती, आणि मी ती सहा दिवसांत पुसून टाकली होती.

ग्रंथालयात आम्ही पुस्तकं उंचीप्रमाणे लावत नाही. विषयाप्रमाणे लावतो, कारण पुस्तक कुणाला कशासाठी लागणार हे महत्त्वाचं. पडवीत मी नेमकी ती चूक केली, जिच्यावरून नव्या मदतनिसांना मी रागावते.

या तीन फळ्या म्हणजे जुना काळ असंही नाही. घरातल्या पाण्याच्या नळाचे आटे आजही व्हिटवर्थच्या ५५ अंशांचे आहेत. मोबाइल किंवा कॅमेरा ज्या तिपाईवर लावतो तिचा स्क्रू पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा, अमेरिकन. आणि मोटारसायकल मेट्रिक. तिन्ही शतकं एकाच घरात रोज वापरात असतात.

काय लागतं आणि कुठे ठेवायचं

बाबा म्हणत, हत्यारं पाच कामांची असतात: मोजायची, धरायची, कापायची, ठोकायची आणि आवळायची. प्रत्येकातलं एक चांगलं असेल तर घर चालतं. मोजायला पोलादी पट्टी, गुण्या आणि व्हर्नियर. धरायला बाकावर घट्ट बसवलेला व्हाइस आणि एक पक्कड. कापायला हॅक्सॉ, छिन्नी, ड्रिल आणि दोन-तीन कानशी. ठोकायला बॉल पीन हातोडी. आवळायला पान्यांचा संच आणि पेचकस. बाकी सगळं काम पडेल तसं घ्यायचं. आधी हत्यार घेऊन मग काम शोधणाऱ्याच्या पडवीत गंज वाढतो.

ठेवायचे नियमही त्यांचे होते, आणि प्रत्येकामागे कारण होतं. मोजायचं हत्यार ठोकायच्या हत्याराजवळ ठेवायचं नाही. गुण्या एकदा पडला की काटकोन गेला, आणि तो गेल्याचं दिसत नाही. कानस कानशीवर ठेवायची नाही. पोलादावर पोलाद घासून दोघींचे दात जातात, म्हणून प्रत्येकीला फळीत वेगळी खाच. कानशीत भुगा अडकू नये म्हणून आधी खडू घासायचा. ड्रिलची पाती एका सागवानी ठोकळ्यात उभी होती, आणि त्यातलं प्रत्येक भोक त्या-त्या पात्यानेच पाडलेलं होतं. म्हणून जाड पातं बारीक भोकात जाऊच शकत नव्हतं, आणि बारीक पातं जाडाच्या घरात ठेवलं तर ते हलायचं. चिठ्ठीची गरज नव्हती.

आमच्याकडे शत्रू एकच: खारा वारा. जून ते सप्टेंबर उघडं लोखंड आठ दिवसांत तांबडं होतं. मोजायची हत्यारं तेल लावून फडक्यात, पेटीत कापराची वडी, आणि घामाच्या हाताने व्हर्नियर धरला तर आधी पुसून मगच परत ठेवायचा.

बोईसरच्या कारखान्यांत नव्वदनंतर भिंतींवर ‘फाइव्ह एस’चे फलक लागले. निवडा, लावा, स्वच्छ करा, नियम करा, शिस्त पाळा असा त्या पाच जपानी शब्दांचा अर्थ. फळ्यावर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ, म्हणजे रिकामी जागा दिसली की हत्यार परत आलेलं नाही हे कळतं. बाबांना ते आवडलं. पण घरी ते म्हणाले, “हे तर आपलं खंडेनवमीचं.” दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते सगळी हत्यारं अंगणात काढत. घासून, तेल लावून पाटावर मांडत, आई झेंडूची फुलं आणि हळद-कुंकू वाही. लहानपणी मला ती नुसती पूजा वाटे. आता कळतं की ती वर्षाची मोजदाद होती. कोणाला काय उसनं दिलंय, कशाचा दांडा हलतोय, कुठे गंज चढतोय, हे त्या एका दिवशी नजरेखालून जात असे.

चिंचणीचं टेबल

माझी चूक निस्तरायला मामा दर रविवारी येऊ लागला. त्याचं स्वतःचं वर्कशॉप म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल. तो डायमेकर आहे. चिंचणी, तारापूर, वरोर, वाढवण या पट्ट्यात हा घरगुती धंदा आहे: सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठी पोलादी ठसे कोरायचे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी, खोलगट कोरायची. त्यावर पातळ पत्रा दाबला की फूल, पान, मणी वर उठतात. आमच्याकडे ‘डाय’ शब्दाचे तीन अर्थ होतात. बाबांची डाय आटे पाडायची, मामाची दागिन्यांची, आणि वसाहतीतल्या कारखान्यांची डाय म्हणजे कापडाचा रंग. परगावच्या पाहुण्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

मामाकडे पन्नासेक छिन्न्या आहेत, बऱ्याचशा त्याने स्वतः घासून केलेल्या. बाहेरच्याला सगळ्या सारख्या दिसतात. त्या त्याच्या उजव्या हाताभोवती अर्धवर्तुळात असतात, कोरायच्या क्रमाने. तो बघत नाही, हात जातो. कोरताना मेणाचा गोळा दाबून उठाव तपासतो, शेवटी पोलादाला पाणी देतो. पाणी दिल्यावर चूक दुरुस्त होत नाही.

याच चिंचणीत विसाव्या शतकाच्या मध्यावर राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, संजाणचा कारभार तेव्हा मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता असं त्यावरून कळतं. अकराशे वर्षांपूर्वी इथे धातूवर अक्षरं कोरली गेली आणि आज पोलादावर फुलं कोरली जातात; दोन्हींत सरळ धागा जोडायचा मोह होतो. तसा पुरावा नाही, म्हणून जोडत नाही. पण एक फरक लक्षात राहतो. ताम्रपट राहिला कारण त्यावर कुणाचं, कधीचं, कशासाठी हे लिहिलेलं होतं. मामाच्या छिन्नीवर काहीच लिहिलेलं नाही.

आता संगणकावर नक्षी काढून यंत्राने कोरलेले ठसे येतात. वाढवणच्या बंदराला विरोध झाला तेव्हा मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर डायमेकरही होते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बंदराची पायाभरणी झाली. मामाचा मुलगा बोईसरला नोकरी करतो. एका रविवारी मी मामाला विचारलं, “तुझ्या टेबलाचं काय होणार?” तो म्हणाला, “आधी तुझ्या बापाचं आटप.”

परत जागेवर

आम्ही ते आटपलं. प्रत्येक बोल्ट पिच गेजखाली. बारा, तेरा, पावणेदोन मिलिमीटर. पाव इंची आणि तीन सुती मालात ब्रिटिश आणि अमेरिकन आटे इंचाला सारखेच असतात, फरक फक्त कोनाचा. तिथे गेज उजेडासमोर धरून पाहावं लागे. जिथे मामा अडे तिथे बाबा डाव्या अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवत आणि वरच्या, मधल्या किंवा खालच्या फळीकडे बोट दाखवत. आम्ही पडताळून पाहिलं. ते क्वचितच चुकले.

मध्यंतरी भंगारवाला आला होता. सगळं मिळून वजनावर किती देणार ते त्याने सांगितलं. त्याची काही चूक नव्हती. बारा आणि तेरा एका डब्यात मिसळले की टॅपची किंमत खरोखरच लोखंडाच्या वजनाएवढी होते. माहिती टॅपमध्ये नसते, तो कुठल्या फळीवर होता त्यात असते.

म्हणून कुणाच्या घरी अशी पडवी, माळा किंवा पलंगाखालची पेटी असेल, तर आवरण्याआधी फोटो काढा. डबा हलवण्याआधी तो कशाशेजारी होता ते लिहा. आणि ज्याने लावलंय तो असेपर्यंत त्याला विचारा, एकेका शब्दात का होईना.

गेल्या खंडेनवमीला मी हत्यारं अंगणात मांडली. बाबा खुर्चीत होते. मी मोजून वहीत लिहिलं. ड्रिलच्या ठोकळ्यात एक भोक रिकामं होतं, पाच मिलिमीटरचं. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “शेजारी.” मी जाऊन घेऊन आले.